छत्री बसल्यानंतरची वर्षे

जन्मजात हृदयदोष म्हणजे लहान मुलांचा आजार, ही समजूत आकड्यांनीच मोडीत काढली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवरून संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा २०१० साली असा दोष असलेल्या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रौढ निघाले. श्रीमंत देशांत हृदयात दोष घेऊन जन्मलेली जवळजवळ नव्वद टक्के मुले आज वयात येतात. दोन पिढ्यांपूर्वी गंभीर दोष असलेले मूल शाळेची पायरी चढेल याचीही खात्री नसे. हा पालट बालहृदय शल्यचिकित्सेने घडवला आणि विसाव्या शतकातल्या वैद्यकाच्या मोठ्या कामगिऱ्यांत त्याची गणना व्हायला हवी. पण या यशाचा अर्थ लावताना एक गफलत होऊन बसली आहे. लहानपणीच्या ऑपरेशननंतर आईवडिलांना सांगितले जाते की मूल आता ठीक आहे, आणि सगळे तो विषय संपला असे धरून चालतात. गुंतागुंतीच्या दोषांत ते ऑपरेशन ही एक दुरुस्ती असते. दुरुस्त्या जुन्या होतात, आणि त्या जुन्या झालेल्या दुरुस्त्यांची डागडुजी करण्याचे काम आता मोठ्या प्रमाणात मांडीच्या शिरेतून आत जाणाऱ्या कॅथेटरकडे आले आहे. माझे म्हणणे असे आहे की या उपचाराचे मोल एका प्रक्रियेच्या यशावरून ठरवता येत नाही. त्या माणसाची छाती आयुष्यात किती वेळा उघडावी लागली आणि मधली वर्षे त्याने कशी काढली, हा त्याचा खरा हिशेब आहे. हा हिशेब मांडणारी माणसे आणि व्यवस्था नसेल, तर उत्तमातले उत्तम साधन बसवूनही रुग्ण हातचा जातो.

दुरुस्ती जुनी होते म्हणजे काय होते, ते टेट्रालॉजी ऑफ फॅलो या दोषात सर्वांत स्पष्ट दिसते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली आणि या साऱ्याचा भार सोसून जाड झालेला उजवा कप्पा, अशा चार गोष्टी त्यात एकत्र येतात. पुरेसे रक्त फुप्फुसांत पोहोचत नाही म्हणून मूल निळे पडते. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी या दोषाची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली, आणि तेव्हापासून जगभरात असंख्य मुले वाचली. मात्र अरुंद वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुस-झडपेच्या कड्यालाच छेद देऊन तिथे ठिगळ लावावे लागते. वाट मोकळी होते, मूल गुलाबी होते, खेळू लागते. आणि झडप कायमची गळकी होते. उजवा कप्पा दर ठोक्याला जे रक्त पुढे ढकलतो, त्यातला मोठा वाटा मागे परततो. लहान वयात हे सोसते. दहा, वीस, तीस वर्षे तो कप्पा ताणला जातो, पसरतो, त्याच्या भिंतीत व्रण धरतात आणि त्या व्रणांभोवती हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. यातली सगळ्यांत फसवी गोष्ट ही की माणसाला बराच काळ काही जाणवत नाही. तो आपली दमछाक आपल्या स्वभावाचाच भाग समजतो, कारण न दमणे कसे असते हे त्याने कधी अनुभवलेले नसते.

इतर दोषांची कहाणी वेगवेगळी असली तरी रोख तोच आहे. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्या अदलाबदल होऊन जन्मलेल्या मुलांत सेनिंग आणि मस्टर्ड या पद्धतींनी वरच्या कप्प्यांतच रक्ताच्या वाटा वळवल्या जात. १९७५ नंतर धमन्याच जागच्या जागी बदलण्याची शस्त्रक्रिया आली आणि त्या जुन्या पद्धती मागे पडल्या. पण त्या वेळी ऑपरेशन झालेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या वळवलेल्या वाटा कुठे अरुंद होतात, कुठे गळतात, आणि फुप्फुसांपुरते काम करायला घडलेला उजवा कप्पा साऱ्या शरीराचा भार वाहतो आहे. एकच कामाचा कप्पा घेऊन जन्मलेल्यांसाठी फ्रान्सच्या बोर्दो शहरातील फ्रान्सिस फाँतां यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया शरीरातले अशुद्ध रक्त पंपाशिवायच फुप्फुसांत सोडते. तिची किंमत पुढे यकृतापासून आतड्यापर्यंत सगळीकडे चुकती करावी लागते.

कॅथेटर या जगात शिरला तो निदानाचे साधन म्हणून. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली. त्याला १९५६ चे नोबेल विभागून मिळाले. उपचाराचे वळण पुढे १९६६ साली फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी दिले. अदलाबदल झालेल्या धमन्यांच्या नवजात बाळांत त्यांनी फुगा वरच्या कप्प्यांच्या पडद्यातून ओढून तो पडदा फाडला आणि रक्त मिसळायला वाट करून दिली. ऑपरेशनपर्यंत बाळ तगवण्याचा हा मार्ग आजही वापरात आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यू ऑर्लिन्समध्ये किंग आणि मिल्स यांनी वरच्या पडद्यातील छिद्र नळीतून नेलेल्या साधनाने बुजवले, १९८२ मध्ये बाल्टिमोरला जीन कॅन यांनी चिकटलेली फुप्फुस-झडप फुग्याने उघडली. मग कर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारांचे, डमरूसारखी मधली कंबर आवळलेले साधन बनवले. नळीत ते सरळ ताणून बसते आणि बाहेर पडताच आपला मूळ आकार धरते, दोन चकत्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतात. आपल्याकडे लोक यालाच छत्री बसवणे म्हणतात. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी गाईच्या मानेतील शिरेची झडप धातूच्या जाळीत शिवून ती एका १२ वर्षांच्या मुलाच्या हृदयात कॅथेटरने बसवली. वृद्धांच्या महाधमनीत बिनऑपरेशनची झडप बसवण्याचा आज जो गाजावाजा आहे, तो उपचार माणसात पहिल्यांदा झाला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कॅथेटरने बसवलेली पहिली झडप जन्मजात दोष असलेल्या मुलासाठी होती, हे आवर्जून सांगायला हवे. कारण या क्षेत्राकडे नेहमी प्रौढ हृदयरोगशास्त्राची लहानशी फांदी म्हणून पाहिले जाते.

ही झडप बसवताना कॅथलॅबमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले, की मी ज्याला हिशेब म्हणतो तो कुठून सुरू होतो हे ध्यानात येते. मांडीच्या शिरेतून सात मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी आत घेतात. पण झडप आत नेण्याआधी, ती जिथे बसणार तिथे नुसता फुगा फुगवतात आणि त्याच वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत डाय सोडून चित्र घेतात. कारण काही जणांत ही धमनी त्या वाटेला इतकी चिकटून जाते की फुगलेली झडप तिला दाबून बंद करेल. शंभरात पाचेक रुग्णांत असे आढळते. तसे दिसले की काम तिथेच थांबवायचे. रुग्ण टेबलावर आहे, महागडी झडप तयार आहे, नातेवाईक बाहेर वाट पाहत आहेत, तरीही थांबायचे आणि त्याला शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे. दाब नसेल तर आधी आधाराला जाळी बसवून मग झडप बसवतात, म्हणजे हृदयाच्या दर ठोक्याला वाकून जाळी तुटण्याचा धोका घटतो. एक-दोन दिवसांत रुग्ण चालत घरी जातो. पुढच्या काही महिन्यांत एमआरआयवर उजवा कप्पा आक्रसलेला दिसतो. छातीचे हाड पुन्हा कापावे लागले नाही, आधीच्या ऑपरेशनमुळे हाडाला चिकटलेले हृदय सोडवताना होणारा रक्तस्राव टळला. ज्याला आयुष्यात तीन-चार वेळा झडप बदलावी लागणार आहे, त्याच्या दृष्टीने यातली एक वेळ जरी वाचली तरी ती फार मोठी गोष्ट आहे.

आणि इथेच साधारणपणे बातमी संपते. खरी परीक्षा पुढे आहे. अशा रीतीने बसवलेल्या फुप्फुस-झडपांत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण निरनिराळ्या मोठ्या पाहण्यांत दर शंभर रुग्णांमागे वर्षाला सुमारे दोन ते तीन इतके निघाले आहे. वरवर हा आकडा किरकोळ वाटतो. पण पंचविशीतल्या माणसाला ती झडप घेऊन दहा वर्षे जायचे असेल, तर हा धोका वर्षावर वर्ष साठत जातो. जंतू बहुधा कुठून येतात? किडलेल्या दातातून, सुजलेल्या हिरडीतून, त्वचेवरच्या दुर्लक्षित जखमेतून. म्हणून ज्याच्या हृदयात अशी झडप आहे, त्याने दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचे असते, आणि कारण न कळता ताप राहिला तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करून घ्यायचे असते. हे दोन्ही नियम कॅथलॅबमधल्या डॉक्टरला पाठ आहेत. गावातल्या दंतवैद्याला आणि तापावर पहिल्या दिवशी गोळ्या देणाऱ्या जनरल प्रॅक्टिशनरला रुग्णाने स्वतः सांगितल्याशिवाय ते कळणार नाहीत. लाखोंची झडप चुकीच्या गोळ्यांच्या चार दिवसांत वाया जाऊ शकते, आणि माणूसही.

इथे या उपचाराच्या एका मोठ्या गुणाचीच दुसरी बाजू पुढे येते. छातीवर व्रण राहत नाही. मुलीच्या लग्नाच्या चिंतेने कितीतरी कुटुंबे केवळ यासाठी ऑपरेशनपेक्षा छत्रीला पसंती देतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. व्रणापायी जुळलेले लग्न मोडू शकते अशा समाजात त्यांना राहायचे आहे. पण व्रण नसला की आठवणही पुसट होते. सासरी सांगितलेले नसते, कागद माहेरच्या कपाटात राहतात, आणि गरोदरपणात दम लागला तर प्रसूतितज्ज्ञाला पूर्वी काही झाले होते याचा पत्ताच नसतो. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे एकूण प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. दुरुस्त केलेल्या हृदयाची ती कठोर कसोटी असते. पाठपुरावा सुटण्याचा हा प्रश्न फक्त आपलाच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत विशेष केंद्रांत पहिल्यांदा आलेल्या प्रौढ रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४२ टक्के लोकांच्या हृदयतपासणीत कधी ना कधी तीन वर्षांहून मोठा खंड पडला होता, आणि पहिला खंड सरासरी विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पडला होता. म्हणजे बालरोग विभागाचे दार मागे बंद झाले, तेव्हाच. न येण्याचे एक ठळक कारण लोकांनी सांगितले ते हे की त्यांना बरे वाटत होते.

कॅथेटरवर एवढा भर देण्यावर शल्यचिकित्सकांचा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. फुप्फुस-झडप बदलण्याच्या ऑपरेशनचा धोका अनुभवी केंद्रात आज फारच कमी आहे, शस्त्रक्रियेने बसवलेली जैविक झडप बऱ्याच जणांत दहा ते पंधरा वर्षे टिकते, आणि ऑपरेशनमध्ये ताणलेली वाट नीट बेतून, सोबतची दुसरी गळकी झडप शिवून, लय बिघडवणारा व्रणही हाताळता येतो. कॅथेटर यांतले एकच काम करतो. शिवाय दोन्ही मार्गांची समोरासमोर तुलना करणाऱ्या मोठ्या यादृच्छिक चाचण्या जवळजवळ नाहीतच. जे आहे ते नोंदींमधून काढलेले निष्कर्ष. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की हा वाद चुकीच्या जागी उभा आहे. शल्यचिकित्सा आणि कॅथेटर यांतून एकाची निवड करण्यापेक्षा त्यांचा क्रम कसा लावायचा, हा खरा प्रश्न आहे. आज ऑपरेशन करणाऱ्या शल्यचिकित्सकाने शक्य तितक्या मोठ्या कड्याची जैविक झडप बसवली, तर बारा वर्षांनी ती झिजल्यावर तिच्या आत कॅथेटरने दुसरी झडप सहज बसते. लहान कड्याची बसवली, तर ते कडे जास्त दाबाच्या फुग्याने तोडण्याची कसरत करावी लागते किंवा पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणजे पंधराव्या वर्षी ऑपरेशन टेबलावर घेतलेला निर्णय तिशीतला कॅथेटर-उपचार घडवतो किंवा बिघडवतो. हे दोघे तज्ज्ञ एका खोलीत बसून त्याच रुग्णाची पुढली चाळीस वर्षे समोर मांडत नाहीत, तिथे दोघांचेही कौशल्य अर्धे फुकट जाते.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. भारतात कॅथेटर चालवणाऱ्या हातांची वाण नाही, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. संधिवाताच्या तापाने आकसलेली माइट्रल झडप फुग्याने उघडण्याचा आपल्या डॉक्टरांइतका अनुभव जगात फार थोड्यांना आहे, आणि अँजिओप्लास्टी तर जिल्ह्याच्या गावी होते. मग प्रौढांमधले जन्मजात दोष वेगळ्या तज्ज्ञांच्या हवाली कशाला करायचे? उत्तर शरीररचनेत आहे. मस्टर्ड शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या मांडीच्या शिरेतून नळी घातली, तर ती वळवलेल्या वाटेने डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसधमनीत जाते. आधुनिक फाँतां झालेल्याच्या शिरेतून घातली, तर ती हृदयात न शिरता थेट फुप्फुसाकडे निघते. जुन्या ऑपरेशनची नोंद हाती नसेल तर नेहमीच्या हृदयावर तयार झालेला हात इथे वाट चुकतो.

त्याहून मोठी अडचण निर्णयाची आहे, आणि ती अगदी साध्या दिसणाऱ्या छिद्रातही उभी राहते. वरच्या पडद्याचे छिद्र पासष्टाव्या वर्षी सापडले. तांत्रिकदृष्ट्या ते बुजवणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. पण वयाने आणि रक्तदाबाने ताठर झालेला डावा कप्पा आजवर छिद्रातून दाब बाहेर टाकून निभावत होता. छिद्र एकदम बंद केले तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून आधी फुग्याने छिद्र काही मिनिटे बंद ठेवून डाव्या बाजूचा दाब मोजायचा, वाढला तर औषधांनी तयारी करून घ्यायची किंवा मुद्दाम भोक ठेवलेली छत्री बसवायची. आणि ज्याच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे जादा रक्त झेलून कडक झाल्या आहेत, प्रवाह उलटून ओठ-नखे निळी पडली आहेत, त्या आयझेनमेंगर अवस्थेतल्या रुग्णात छिद्र बुजवणे म्हणजे उजव्या कप्प्याची शेवटची सुटका बंद करणे होय. छत्री तिथेही उत्तम बसेल, आणि रुग्ण त्यानेच दगावेल. क्वेबेकच्याच नोंदींवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे प्रौढ रुग्णांना विशेष केंद्रांकडे पाठवण्याचे प्रमाण वाढले, आणि विशेष केंद्रांतील उपचारांचा संबंध मृत्यू घटण्याशी असल्याचे दिसले. गंभीर दोष असलेल्यांत तो अधिक ठळक होता. कोणते नवे साधन नाही, तर योग्य माणसाकडे वेळेवर पोहोचणे इथे उपयोगी पडले.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, जो पाश्चात्त्य ग्रंथांत फारसा सापडत नाही. तिथे प्रौढ रुग्ण म्हणजे बहुधा लहानपणी ऑपरेशन झालेला. आपल्याकडे त्याच्या शेजारी, ज्याच्यापर्यंत लहानपणी कोणी पोहोचलेच नाही असा मोठा वर्ग बसलेला असतो: तिशीत दम लागतो म्हणून टू-डी इको केला आणि वरच्या पडद्याचे मोठे छिद्र निघाले असा शेतमजूर, पहिल्या बाळंतपणात फुप्फुस-झडप चिकटलेली आढळली अशी बाई, जन्मानंतर बंद व्हायला हवी होती ती रक्तवाहिनी चाळिशीपर्यंत उघडीच राहिलेला कारकून. या शेवटच्या माणसाचे उदाहरण तर फार स्पष्ट आहे. त्या वयात त्या वाहिनीच्या भिंतीत चुना साठलेला असतो, ती बांधायला गेले तर फाटू शकते. कॅथेटरने आतून बुजवणे हाच तिथे सरस मार्ग आहे. या वर्गातल्या पुष्कळ जणांना एकाच प्रक्रियेने पुढची कित्येक वर्षे मोकळी मिळतात. आपल्या डॉक्टरांनी इथे नुसते अनुकरण केलेले नाही. वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असलेल्या, एरवी ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसणाऱ्या छिद्राच्या प्रकारात आच्छादित जाळी बसवून रक्ताची वाट वळवण्याचे जे तंत्र अलीकडे रुजले, त्यात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमधील डॉ. के. शिवकुमार यांच्या गटाचे काम जगभर वाचले जाते.

तरीही एक प्रश्न टोचत राहतो, आणि तो टोचायलाच हवा. आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे, त्यांतील पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात, आणि त्यांतली बरीच उपचाराविना जातात. अशा स्थितीत प्रौढांच्या महागड्या झडपांवर पैसा आणि माणसे खर्च करणे न्याय्य आहे का? एकीकडे धमन्या अदलाबदल झालेले आठवड्याचे बाळ आणि दुसरीकडे गळती वाढत चाललेला पंचविशीतला तरुण असे दोघे समोर असतील आणि एकालाच घेता येणार असेल, तर बाळाला घ्यावे, यात मला शंका नाही. पण धोरण अशा एका टेबलाशेजारी ठरत नाही. तो तरुण म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचे तेच बाळ आहे, ज्याच्यावर समाजाने आधीच मोठा खर्च केला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच झाला. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायची, हृदयदोष सापडला तर मोफत उपचारांपर्यंत न्यायचे, हे त्याचे काम, आणि ते मोलाचे आहे. त्याची वयोमर्यादा मात्र १८ वर्षांची. सुरुवातीच्या वर्षांत शाळेत सापडलेली मुले आता ती मर्यादा ओलांडून बाहेर पडत आहेत. अठराव्या वाढदिवसानंतर त्यांची फाइल कुणाकडे जावी, याची तजवीज आपण केली नाही, तर बाळांवर केलेली गुंतवणूकच आपण पंचविशीत बुडवतो आहोत. नवजात बाळे की प्रौढ, असा वाद घालण्याचे कारण नाही. ज्या केंद्रात बाळांचे गुंतागुंतीचे ऑपरेशन होते, तिथलीच कॅथलॅब, तिथलेच इको करणारे डोळे, तिथलेच भूलतज्ज्ञ प्रौढांच्याही कामाचे आहेत.

खर्चाचे म्हणावे तर तिथे आशेला जागा आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने वरच्या पडद्याचे छिद्र बुजवणारे निकेल-टायटॅनियमचे साधन विकसित करून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीला दिले. गुजरातेतील वापी येथील मेरिल कंपनीची मायव्हाल झडप मूळची महाधमनीसाठी, पण तिचे ३०.५ आणि ३२ मिलिमीटरचे मोठे आकार निघाल्यामुळे, लहानपणी ठिगळ लावल्याने फुगलेल्या फुप्फुस-वाटेतही ती बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध होत आहेत. अशी रुंद झालेली वाट हीच टेट्रालॉजीच्या बहुसंख्य रुग्णांची खरी अडचण आहे. बोनहोफर यांची मूळ झडप तिथे मापालाच पुरत नाही, आणि त्या वाटेसाठी खास घडवलेल्या हार्मनी झडपेला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०२१ मध्ये. साधने स्वस्त होतील. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कुटुंबामागचे छत्र पाच लाखांपर्यंत वाढले, हेही चांगलेच झाले. पण पॅकेजची मांडणी दाखल होणे, प्रक्रिया, आणि त्यानंतरचा थोडा काळ अशी असते. ज्याला दर वर्षी इको, दोन-तीन वर्षांनी एमआरआय, दात आणि हिरड्यांची तपासणी, आणि गरोदरपणाआधी सल्ला हवा आहे, त्याच्या चाळीस वर्षांच्या गरजा या चौकटीत बसत नाहीत. साधनाला पैसे मिळतात आणि देखरेखीला मिळत नाहीत, तिथे रुग्णालयेही साहजिकच साधने बसवण्याकडे झुकतात. यात कुणाच्या हेतूत दोष काढायचे कारण नाही. पैशाची वाट जिकडे काढली तिकडे काम वाहते.

कॅथेटरला मर्यादा नाहीत असेही समजू नये. फाँतां झालेल्यांत तो अरुंद वाट रुंद करतो, ऑपरेशनच्या वेळी मुद्दाम ठेवलेले भोक योग्य वेळी बुजवतो, आणि फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात योआव डोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे, श्वासनलिकांत किंवा आतड्यात गळणाऱ्या लसीकावाहिन्याही एमआरआयने शोधून आतून बंद करता येतात. हे विलक्षण काम आहे. पण शरीराच्या शिरांतला कायमचा वाढलेला दाब त्याने उतरत नाही आणि यकृताचे कडक होणे थांबत नाही. अशा रुग्णांत हृदयाच्या, कधी यकृतासह हृदयाच्या, प्रत्यारोपणाचा विचार कधी सुरू करायचा, हे वेळेवर ओळखावे लागते. छोट्या छोट्या यशस्वी प्रक्रियांच्या समाधानात ती वेळ निघून जाण्याचा धोका खरा आहे, आणि तो टाळायला पुन्हा तेच लागते: एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे.

त्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहायला नको. अठरा वर्षे पूर्ण होताना रुग्णाच्या हाती मराठीत लिहिलेली एक वही द्यावी: मूळ दोष कोणता, कोणते ऑपरेशन कधी झाले, कोणते साधन कोणत्या मापाचे आत आहे, कोरोनरी धमनी कुठून जाते, दात काढण्याआधी काय घ्यायचे, ताप आला तर कोणती तपासणी आधी, पुढचा एमआरआय कोणत्या महिन्यात. तीच माहिती जन आरोग्य योजनेच्या संगणकात त्याच्या कार्डावर असावी. आणि मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस अशी ओपीडी चालावी, जिथे बालहृदयतज्ज्ञ, प्रौढांचे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक एकाच टेबलाशी बसतील, महिन्यातून एकदा प्रसूतितज्ज्ञ आणि दंतवैद्य त्यांच्यासोबत असतील, आणि न आलेल्या रुग्णाला फोन करणे हे एका परिचारिकेचे ठरलेले, पगारी काम असेल.